सातवीच्या पोरांना संभाव्यता: नाणं उडवून पुढे काय?

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी शनिवारी सकाळी सहावी ते आठवीच्या मुलांसाठी गणिताचा एक छोटा वर्ग घेते. शाळेचा नाही, वाचनालयाची वरची खोली मिळालीये तिथे, वीस-पंचवीस पोरं येतात. स्टेट बोर्डाला संभाव्यता थेट दहावीत, बीजगणिताच्या पुस्तकात पाचवं प्रकरण, आणि तिथे सुरुवातीलाच यादृच्छिक प्रयोग, नमुना अवकाश, समसंभाव्य निष्पत्ती असे शब्द अंगावर येतात, मग पोरं सूत्र पाठ करतात, मार्क मिळवतात आणि विसरतात. मला हे आधीच, खेळता खेळता करायचंय. म्हणून नाण्यापासून सुरुवात करायची ठरवली पण अडचण अशी की "छापा यायची शक्यता किती" विचारलं की सगळे एका सुरात "निम्मी!" मग पुढे काय? उत्तर आधीच माहितीये तर नाणं उडवायचं कशाला असं एक पोरगी चक्क म्हणाली, आणि तिचं काही चुकलं नाही. कुणी असं शिकवलंय का? उपाय सांगा, नुसत्या लिंका नकोत.

खडूफळा:
ताई, ३० वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, त्यामुळे आधी व्यवहाराचं सांगतो, गणित बाकीचे सांगतीलच. फरशीवर नाणी उडवायला दिलीत तर अर्धा तास कपाटाखालची नाणी काढण्यात जातो. सतरंजी अंथरा. दोघांची जोडी करा, एकाने उडवायचं दुसऱ्याने लिहायचं, आणि पेनाने लिहायचं, पेन्सिलीने नाही, कारण पोरं आकडे "सुधारतात". हे लिहून ठेवा, दहापैकी आठ काटे आले की पोराला वाटतं आपलं चुकलं, आणि ते हळूच दोनाचे छापे करून टाकतं. लबाडी नसते ती, त्याला बरोबर उत्तर द्यायचं असतं. आपणच तशी सवय लावलीये.

आणि घाई असेल तर स्टीलच्या डब्यात दहा नाणी घाला, झाकण लावा, खडखडवा, उघडा, मोजा. एका फटक्यात दहा. आवाज फार होतो, वाचनालयवाले ओरडतील ते तुम्ही बघा.

कोकणकडा:
खडूफळा काकांचा पेनाचा मुद्दा एक नंबर.

ताई, "शक्यता किती" हा प्रश्नच विचारू नका ना. त्याऐवजी विचारा, प्रत्येकाने दहा वेळा नाणं उडवलं तर वर्गात किती जणांना बरोब्बर पाच छापे येतील? आणि उत्तर आधी वहीत लिहून घ्या, नावासकट, मग उडवा. मुलं म्हणतात सगळ्यांना, नाहीतर जवळजवळ सगळ्यांना. प्रत्यक्षात दहात पाच छापे यायची शक्यता १०२४ पैकी २५२, म्हणजे साधारण पाव. चाळीस पोरांत दहाएक जण. आणि आठ किंवा त्याहून जास्त एकाच बाजूचे पडणारे चारेक जण निघतातच. तुमच्या पंचवीस पोरांत दोन-तीन. आता ती "निम्मं-निम्मं झालं" म्हणणारी पोरगी स्वतःच विचारेल की असं कसं. तिथून वर्ग सुरू होतो, त्याच्या आधीचं सगळं हजेरी समजा.

अंदाज लिहून घेणं महत्त्वाचं हां. नाही लिहिला तर नंतर प्रत्येकजण म्हणतो मला माहीतच होतं.

एक्सेलबाबा:
एवढा खटाटोप कशाला? मोबाईलवर शीट उघडा, रँडबिटवीन चं सूत्र टाका, खाली ओढा, दहा हजार नाणी दोन सेकंदात. आलेख पण तिथेच. एकविसाव्या शतकात पोरांना डबे खडखडवायला लावताय.

कोकणकडा:
बाबा, दहा हजार नाणी पोराला काहीच सांगत नाहीत जोवर त्याने स्वतः वीस उडवलेली नसतात. स्क्रीनवर ५०.२ टक्के दिसलं की त्याला वाटतं कॉम्प्युटरने तसं ठरवलंय. हाताने उडवलेलं नाणं कुणी ठरवत नाही हे त्याला माहीत असतं. शीट दाखवाच, पण दुसऱ्या आठवड्यात.

चौकटराजा:
क्रिकेट आणा की राव मध्ये, मुलगे तरी जागे होतील. आपली टीम वनडेत सलग २० टॉस हरली होती, आठवतंय का. २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलपासून सुरू झालं, अहमदाबादला, मग आफ्रिका, श्रीलंका, इंग्लंड, अख्खी चॅम्पियन्स ट्रॉफी टॉस हरत हरत जिंकली, कॅप्टन बदलले, रोहित, राहुल, गिल, काही फरक नाही, शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये विशाखापट्टणमला राहुलने टॉस जिंकला तेव्हा पोरं मॅच जिंकल्यासारखी हसत होती. ह्याची शक्यता काढायला लावा, अर्धं गुणिले अर्धं असं वीस वेळा. माझ्या पुतण्याने काढलं, १० लाख ४८ हजार ५७६ त एक. मग म्हणतो काका हे फिक्सिंग आहे.

सरासरीमाणूस:
चौकटराजा, उदाहरण झकास आहे पण पुतण्याला इथेच सोडू नका, खरी मजा पुढे आहे.

एक. १९ हरून झाल्यावर विसावा टॉस हरायची शक्यता किती? अर्धी. दहा लाखातली एक नाही. नाण्याला आधीचे १९ आठवत नाहीत. हे वाक्य मुलं मान डोलावून ऐकतात पण पटलेलं नसतं, ते तपासायला त्यांना विचारायचं, "२० हरल्यावर आता एकविसाव्याला तू पैज कशावर लावशील?" निम्मा वर्ग "आता जिंकणारच" म्हणतो, चार-पाच जण "हरणारच, पनवती आहे" म्हणतात, आणि दोघंच "काय फरक पडतो" म्हणतात. ते दोघं शोधायचे आणि त्यांना बाकीच्यांशी भांडायला लावायचं. मोठ्या माणसांचंही हेच आहे, १९१३ साली मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर सलग २६ वेळा काळा आकडा आला आणि "आता लाल येणारच" म्हणत लोकांनी धडाधड पैसे घालवले. मटक्याचे आकडे काढणारे वेगळं काय करतात.

दोन. दहा लाखात एक ही शक्यता "ह्याच टीमचे, ह्याच दिवसापासूनचे २० टॉस" अशी आधी ठरवून बघितलं तर. पण आपण तसं बघितलं का? जगातल्या सगळ्या टीमा, एवढ्या वर्षांच्या हजारो मॅचेस, त्यात कुठेतरी कुणाचीतरी लांब रांग लागणारच, आणि लागली की आपण तिच्यावर बोट ठेवून म्हणतो बघा बघा. २० ही तरीही भारीच आहे, नाकारत नाही. पण फिक्सिंग म्हणायच्या आधी किती ठिकाणी बघितलं ते मोजायला पाहिजे. सातवीच्या पोराला हे कळतं, फक्त हळू सांगावं लागतं.

बाय द वे २०११ ची वानखेडेची फायनल, टॉस दोनदा झाला होता, संगकाराचा कॉल रेफ्रीला ऐकूच गेला नाही म्हणून. पोरांना विचारा, दुसऱ्यांदा उडवल्याने कुणाचा फायदा झाला का, शक्यता बदलली का. घमासान होतं.

पाटीपेन्सिल:
वा! टॉसचं नक्की वापरणार. पण एक शंका. दहा वेळेला पाच येत नाहीत हे दाखवलं, ठीक. मग "निम्मी" ह्याचा अर्थ काय असं विचारतील. जास्त उडवलं की बरोबर निम्मे येतात असं सांगायचं ना?

सरासरीमाणूस:
नाही नाही नाही. ताई इथेच बहुतेक जण घसरतात, पुस्तकं पण कधीकधी. जास्त उडवलं की बरोब्बर निम्मे यायची शक्यता उलट कमी होते. दहात पाच, पाव. शंभरात पन्नास, फक्त ८ टक्के. हजारात पाचशे, अडीच टक्के. बरोब्बरपणा जातो, जवळपणा येतो.

एनसीईआरटीच्या दहावीच्या आधीच्या पुस्तकात तीन जुने प्रयोग दिले होते, ते घ्या. बुफॉनने ४०४० वेळा उडवलं, छापे २०४८. केरिचने १०,००० वेळा, छापे ५०६७. पिअर्सनने २४,०००, छापे १२,०१२. आता पुस्तक म्हणायचं बघा सगळे ०.५ च्या जवळ. बरोबर आहे, पण मी मुलांना दुसरा रकाना काढायला लावतो, छापे आणि काटे ह्यांच्यातला फरक. बुफॉन ५६, केरिच १३४, पिअर्सन २४. म्हणजे केरिचने बुफॉनच्या अडीच पट उडवली तर फरक कमी व्हायच्याऐवजी वाढला! तरी टक्केवारी जवळपास तीच, ५०.६९ आणि ५०.६७. फरक वाढू शकतो, साधारण वाढतोच, पण एकूण संख्या त्याहून फार जोरात वाढते म्हणून भागाकार अर्ध्याकडे सरकतो. पिअर्सनला २४ आला तो त्याच्या नशिबाने, दरवेळी तसा येणार नाही.

हे समजलं की "आता छापा यायलाच हवा" हे आपोआप सुटतं. आधी पाच काटे जास्त आले म्हणून पुढे नाणं पाच छापे जास्त देऊन हिशोब चुकता करत नाही, पुढच्या हजारांत ते पाच नुसते बुडून जातात. माझ्या मते अख्ख्या विषयात मुलांपर्यंत पोचवण्यासारखी हीच एक गोष्ट आहे, बाकी सूत्रं दहावीत येतीलच.

केरिचची गोष्ट पण सांगा. दक्षिण आफ्रिकेत शिकवणारा गणिताचा माणूस, दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये अडकला, नजरकैदेत टाकलं, तिथे वेळ जाईना म्हणून नाणं उडवत बसला. दहा हजार वेळा. पोरांना हा माणूस जाम आवडतो.

खडूफळा:
वर्गाचा एकत्र आलेख काढायचा असेल तर प्रत्येक जोडीचे वीस-वीस टॉस फळ्यावर क्रमाने मिळवत जायचे. पहिल्या जोडीनंतर ६५ टक्के, दुसऱ्यानंतर साडेबावन्न, तिसऱ्यानंतर ५५, असं काहीही. वीस जोड्या झाल्या की ४०० होतात आणि तिथे छापे १८० ते २२० मध्ये नसतील असं फार क्वचित. रेघ आधी उड्या मारते मग शांत होते. ती रेघ मुलांनी स्वतः काढायची, आपण खडू द्यायचा फक्त. ताईंकडे बाराच जोड्या होतील, मग चाळीस-चाळीस उडवा.

आईसाहेब_पुणे:
माफ करा पण मध्येच बोलते. पैज, पत्ते, फासे, रुलेट... लहान मुलांना हे शिकवायचं का? आमच्या सोसायटीत एका शिकवणीत असंच काही केलं तर पालकांनी तक्रार केली की जुगार शिकवतात.

कोकणकडा:
ताई, प्रश्न रास्त आहे. पैशाने खेळू नका, पैजेला चिंचोके ठेवा. पण उलट बाजू बघा, मोबाईलवर "आता तुमचा नंबर लागणारच" म्हणणारी जाहिरात पोरगं रोज बघतं, त्याला नाण्याला आठवण नसते हे कुणी कधी सांगायचं? जुगारात माणूस बुडतो तो हिशोब न कळल्याने.

आईसाहेब_पुणे:
चिंचोके चालतील :)

दूरदेशी:
इकडे अमेरिकेत बऱ्याच राज्यांत संभाव्यता सातवीलाच आहे. माझ्या मुलीला आधी प्रयोग मग अंदाज मग तुलना असंच दिलं होतं. तिला सगळ्यात आवडलेला खेळ देते, तुमच्याकडे सहज होईल. वर्गाचे दोन गट. एक गट खरंच शंभर वेळा नाणं उडवून छा का का छा असं लिहितो. दुसरा गट नाणं न उडवता मनानेच शंभर लिहितो, खरं वाटेल असं. शिक्षक बाहेर. आत येऊन नुसतं बघून सांगायचं कुठला कागद खोटा.

गुपित असं की मनाने लिहिणारे सलग चारच्या वर एकच बाजू लिहायला घाबरतात. खऱ्या शंभरांत सलग सहा किंवा जास्त एकसारखे कुठेतरी यायची शक्यता ८० टक्के आहे, सलग पाच तर ९७ टक्के. त्यामुळे सगळ्यात लांब रांग शोधायची, झालं. पोरांना वाटतं मॅडमना जादू येते.

पाटीपेन्सिल:
हे मी परवाच्या शनिवारीच करून बघितलं!! एक कागद हातात घेतला, छा का छा का का छा का छा, इतका नीटनेटका की बघताक्षणी कळलं. दुसऱ्यावर सलग सात काटे. ज्यांचा खरा होता ती पोरं उलट घाबरली होती की बाई म्हणणार तुम्ही फसवलंत. मग गुपित सांगितलं तर लगेच एकाने पुढचा खोटा कागद काढला त्यात मुद्दाम सहा छापे सलग घातले. आता मलाच ओळखता येत नाही, काय करू.

दूरदेशी:
हाहा, म्हणजे शिकवणं पूर्ण झालं.

एक्सेलबाबा:
बरं मान्य, डबा जिंकला. पण दोन नाण्यांचं कुणी बोललं नाही अजून. दोन छापे, दोन काटे, एकेक. तीन शक्यता, प्रत्येकी एक तृतीयांश. बहुतेक मोठी माणसं हेच सांगतात.

सरासरीमाणूस:
मोठी कसली, द'आलंबेर सारखा गणिती ह्यात अडकला. १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशात त्याने लिहिलं की दोन वेळा उडवून निदान एक छापा यायची शक्यता २/३. त्याचं म्हणणं, पहिलाच छापा आला तर खेळ संपला, दुसरं उडवायचंच कशाला, म्हणून प्रसंग तीनच. उत्तर ३/४ आहे. सातवीतल्या पोराने १/३ म्हटलं तर ओरडू नका, चांगल्या संगतीत आहे ते.

फळ्यावर शर्यत लावा. तीन रांगा, "दोन छापे", "दोन काटे", "एकेक". प्रत्येकाने आपली रांग निवडायची, मग दोन नाणी उडवत जायची, जी पडेल ती रांग एक घर पुढे. "एकेक" जवळजवळ दरवेळी जिंकते. का, ह्यावर वाद घालू द्या, दहा मिनिटं तोंड उघडू नका. नंतर एक रुपयाचं आणि दहा रुपयाचं नाणं द्या, दहाचं दोन रंगांचं असतं, लगेच वेगळं दिसतं. रुपया छापा दहा काटा, रुपया काटा दहा छापा, हे दोन निरनिराळे प्रकार आहेत हे डोळ्याने दिसतं आणि चार खाने आपोआप भरतात. दहाची नाणी दुकानदार घेत नाहीत म्हणून बऱ्याच घरांत पडूनच असतात, निदान इथे तरी कामाला येतील.

रानपाखरू:
चार खाने काय, आपल्याकडे आजी सोळा प्रकारांनी दान पडणारा खेळ खेळायची की. चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या तितकं दान, एक दोन तीन चार, आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडलं की परत खेळायला मिळतं. आमच्याकडे चल्लस आठ म्हणायचे, गावागावात नाव वेगळं.

सरासरीमाणूस:
रानपाखरू, क्या बात! कवडीऐवजी नाणी धरली तर १६ प्रकारांपैकी दोन उताण्या ६, एक उताणी ४, तीन उताण्या ४, चारही उताण्या १, चारही पालथ्या १. म्हणजे जे दान सगळ्यात कमी पडतं त्यालाच जास्त घरं आणि वर बक्षीस खेळी. खेळ ज्याने कुणी बसवला त्याने सूत्र लिहिलं नसेल पण पडतं किती हे बघितलं असणारच. आणि खरी कवडी नाण्यासारखी समान नाही, तिची पाठ गोल, पोट चपटं, त्यामुळे ह्या १६ च्या हिशोबाशी ती जुळणार नाही. ते मुलांनी टाकून मोजायचं. इथे "निम्मी!" असं ओरडता येत नाही ताई, कारण कुणालाच माहीत नाही. तुमच्या त्या मुलीच्या हातात कवडी द्या.

चौकटराजा:
मग नाणं तरी समान असतं का? वाचलं होतं की नसतं म्हणून.

सरासरीमाणूस:
उडवताना जी बाजू वर होती तीच पडायचा किंचित कल असतो. पर्सी डायकोनिस, हा आधी व्यावसायिक जादूगार होता मग गणिताचा प्राध्यापक झाला, त्याने आणि दोघांनी २००७ मध्ये भौतिकशास्त्र मांडून ५१ टक्के असा अंदाज दिला. मग २०२३ मध्ये ४८ जणांनी मिळून वेगवेगळ्या चलनांतली ४६ प्रकारची नाणी ३,५०,७५७ वेळा हाताने उडवली, ५०.८ टक्के वेळा तीच बाजू. २०२४ चं इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाचं बक्षीस, मिळालं त्यांना. लक्षात घ्या, छापा जास्त पडतो असं नाही, सुरुवातीची बाजू जास्त पडते. एवढा बारीक फरक पंचवीस पोरांच्या वर्गात दिसणारच नाही, त्यामुळे सातवीत फक्त गोष्ट म्हणून सांगा. फरशीवर भोवऱ्यासारखं फिरवलेलं नाणं मात्र वेगळं, ते बरंच झुकू शकतं, ते करून बघायला द्या.

चौकटराजा:
म्हणजे कवडीने टॉस करायचाच नाही.

सरासरीमाणूस:
करता येतो! हे आठवीच्या हुशार पोरांसाठी कोडं म्हणून द्या, फोन नॉयमन ह्या गणितीची युक्ती आहे, १९५१ ची. कवडी दोनदा टाकायची. उताणी-पालथी आलं तर पहिला जिंकला, पालथी-उताणी आलं तर दुसरा. दोन्ही सारख्या आल्या तर ते टाकणं रद्द, परत दोनदा. कवडी कितीही एकीकडे कललेली असो, सामना समान. का, ते इथे लिहीत नाही.

एक्सेलबाबा:
पण सलग सारख्याच येत राहिल्या तर रात्रभर टाकत बसायचं का?

कोकणकडा:
केरिच बसला होता की.

पाटीपेन्सिल:
का समान ते मला आत्ता कळलं, गुणाकाराचा क्रम बदलला तरी तेच! ठरलं, ह्या शनिवारी शर्यत आणि पुढच्या शनिवारी कवड्या. कवड्या मिळतात कुठे आता?

रानपाखरू:
पूजेच्या सामानाच्या दुकानात. मोठ्या घ्या, बारक्या सतरंजीत अडकून उभ्याच राहतात.